बूस्ट चढत नाही: गळती की वेस्टगेट?

कुकरला शिट्टी येत नसेल तर घरात दोनच शंका निघतात. गास्केट सैल झालंय, नाहीतर गॅस बारीक राहिलाय. डाळ दोन्हीकडे कच्चीच राहते. टर्बो गाडीचं बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा जादा दाब, पडलं की नेमका हाच घोळ होतो, आणि त्यात मी दोनदा फसलोय.

गाडी छोटी पेट्रोल हॅचबॅक. रिमॅप केलेली (इंजिनचं सॉफ्टवेअर बदललेली), इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) मोठा, टर्बो मात्र मूळचाच. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की १.२ बार मिळायला हवेत. एका जुलैत आकडा ०.८ वर अडकला, चेक इंजिनचा दिवा लागला, कोड आला पी०२९९, म्हणजे अंडरबूस्ट. पहिल्या गॅरेजमध्ये बॉनेट उघडायच्या आधीच निदान झालं: "साहेब, टर्बो गेला." टर्बो ठणठणीत होता. खड्ड्यांत आपटून आपटून इंटरकूलरच्या खालच्या तोंडावरची क्लिप ढिली पडली होती आणि सिलिकॉनचा होज (नळी) अर्धं बोट सरकला होता. दीड वर्षाने पुन्हा तोच कोड, तोच ०.८. या वेळी मी स्वतःला शहाणा समजून दोन रविवार गळती शोधली. गळती नव्हतीच. वेस्टगेट होतं.

कोड दोन्हीला एकच येतो, कारण मागितलं तेवढं बूस्ट मिळालं नाही एवढंच ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कळतं.

आत घडतं ते मात्र अगदी वेगळं. टर्बोच्या गरम बाजूला एक्झॉस्टच्या झोतावर टर्बाइन फिरतं आणि त्याच शाफ्टवरचा कॉम्प्रेसर थंड बाजूला हवा दाबतो. बूस्ट लीक थंड बाजूचा: दाबून तयार केलेली हवा इंजिनात पोचण्याआधी होजमधून, इंटरकूलरच्या जोडातून निसटते. हे झालं गास्केट. वेस्टगेट गरम बाजूला असतं. ती झडप उघडली की एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सायलेन्सरकडे निघून जातो, टर्बाइन मंदावतं आणि हवा मुळात कमीच दाबली जाते. हा बारीक राहिलेला गॅस. वेस्टगेटला कुकरची शिट्टी समजणारे पुष्कळ भेटतात. शिट्टीचं काम खरं तर ब्लो-ऑफ किंवा डायव्हर्टर वॉल्व्ह करतो, पाय उचलल्यावर.

एवढं डोक्यात बसलं तरी सगळ्यात महागडी चूक टळते. बूस्ट कमी दिसलं की लोक रिमॅप करणाऱ्या ट्यूनरला फोन लावतात, "जरा वाढवून दे." गास्केट गळत असताना गॅस मोठा केला तर डाळ तळाला करपते. लीक असताना गेलेली हवा भरून काढायला टर्बो आधीच जास्त फिरत असतो. त्याला आणखी रेटलं की हवा तापते, शाफ्ट मर्यादेबाहेर फिरतो, आणि पहिल्या गॅरेजवाल्याचं भाकीत खरं ठरतं.

ओळखायचं कसं? कान लावून सुरुवात करा. लीक असेल तर जोर दिल्यावर बॉनेटखालून फुसफुस येते आणि टर्बोची शीळ नेहमीपेक्षा मोठी वाटते. वेस्टगेटची झडप खिळखिळी झाली असेल तर आयडलला किंवा पाय सोडताना पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखी खडखड येते. मला ती येत होती. मी ती सायलेन्सरच्या पत्र्यावर ढकलली होती, कारण मला लीकच हवा होता.

मग पेट्रोल. गाडीत एअर-मास सेन्सर असेल तर त्याने मोजलेली हवा पुढे निसटते, ईसीयू मात्र ती धरूनच इंधन टाकतो. मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त पडतं, टेलपाइप काजळतो, मागे पेट्रोलचा वास येतो. वेस्टगेटच्या बिघाडात यातलं काही नाही. मिश्रण बरोबर असतं, गाडी फक्त बिनटर्बोची झाल्यासारखी ओढते. पण नुसत्या मॅप सेन्सरवर चालणाऱ्या गाडीत ही खूण चालत नाही. तिथे इंजिनापर्यंत पोचलेल्या हवेचाच दाब मोजला जातो, त्यामुळे लीक असूनही मिश्रण ठीक दिसतं.

लॉग, म्हणजे गाडी पळवताना नोंदवलेले सेन्सरचे आकडे, काढला असेल तर ग्राफचं वळण बघा. लीकमध्ये बूस्ट उशिरा चढतं. वेस्टगेटची स्प्रिंग थकली असेल तर वेळेवर चढतं आणि वरच्या आरपीएमला एक्झॉस्टचा दाब वाढला की झडप ढकलली जाऊन घसरतं. माझ्या दुसऱ्या लॉगमध्ये ३००० ला १.२ होते, ४५०० ला ०.८. मात्र झडप उघडीच अडकली असेल तर बूस्ट लीकसारखंच उशिरा चढतं, म्हणून एकट्या ग्राफवर फाशी देऊ नये. आणि आकडा कुठला ते आधी तपासा. मोबाइल ॲपमधला मॅपचा आकडा निरपेक्ष असतो: मुंबईत हवेचाच दाब १०१ किलोपास्कलच्या आसपास, म्हणजे १८० दिसले तर बूस्ट जेमतेम ८०, म्हणजे ०.८ बार. लोणावळ्याला हवेचा दाब साधारण ९४ वर येतो. घाट चढल्यावर ॲपचा आकडा थोडा उतरला म्हणून कुणी क्लिपा आवळत बसू नये.

खात्री दोन स्वस्त परीक्षांनी होते. गळतीसाठी प्लंबिंगच्या दुकानातून पीव्हीसीची एंड कॅप आणि पंक्चरवाल्याकडून ट्यूबलेसचा वॉल्व्ह आणा. वॉल्व्ह कॅपमध्ये बसवा, कॅप टर्बोच्या हवा ओढणाऱ्या तोंडावर क्लिपने आवळा, ब्रीदरचा (इंजिनातली वाफ इनटेकमध्ये आणणारा) होज काढून ते भोक बंद करा, आणि थंड इंजिनावर हळूहळू १५ पीएसआय, म्हणजे साधारण १ बार हवा भरा. कॅपसमोर तोंड नको, ती उडते. भांड्यांच्या साबणाचं पाणी फवारा. फेस फुगेल तिथे गळती. हवा एक्झॉस्टमधून जाताना ऐकू आली तर एखाद्या सिलिंडरच्या दोन्ही झडपा उघड्या आहेत, क्रँक हाताने थोडा फिरवा. या परीक्षेतून एक चोर निसटतो: हवा परत इनटेकमध्ये सोडणारा डायव्हर्टर वॉल्व्ह. त्याच्या दोन्ही अंगांना सारखाच दाब असतो, त्यामुळे तो फाटलेला असला तरी फेस येत नाही. तो काढून वेगळाच तपासावा लागतो.

वेस्टगेटसाठी गेज असलेला हातपंप झडपेचा दांडा हलवणाऱ्या ॲक्च्युएटरला जोडा आणि दांडा हलायला कधी लागतो ते बघा. ठरलेल्या दाबाच्या खूप आधी हलला तर स्प्रिंग गेली. पण पंपावर थांबू नका. दांडा सुटा करून झडपेचा लिव्हर बोटांनी हलवा. माझी स्प्रिंग चांगली होती. लिव्हर मात्र वरखाली डुलत होता; बुश (लिव्हरची पिन फिरते ती बाही) झिजलेलं, झडप तिरकी बसत होती आणि नखाएवढ्या फटीतून एक्झॉस्ट चोवीस तास पळत होता.

आता उंदीर. सोसायटीच्या पार्किंगमध्ये राहणाऱ्या गाडीबद्दल लिहिताना त्यांना वगळणं शक्य नाही. दाबावर उघडणाऱ्या वेस्टगेटचा होज उंदराने तोडला तर झडपेला दाब कळतच नाही, ती बंद राहते आणि बूस्ट वर जातं. कोड येतो पी०२३४, ओव्हरबूस्ट. पण व्हॅक्यूमवर चालणाऱ्या वेस्टगेटचा किंवा व्हीजीटी (पात्यांचा कोन बदलणारा टर्बो असलेल्या) डिझेलचा होज कुरतडला तर बूस्ट पडतं. उंदीर तोच, होजही तसाच दिसतो, परिणाम उलटे. आपली यंत्रणा कुठली हे कळल्याशिवाय "होज तुटलाय, म्हणून बूस्ट कमी" असं म्हणू नये. बूस्ट नियंत्रित करणाऱ्या सोलेनॉइडचा (विजेवरच्या झडपेचा) प्लग निघाला तर बहुतेक गाड्या स्प्रिंगच्या किमान बूस्टवर येऊन बसतात. ते दोन मिनिटांत दिसतं, आधी तेच बघा.

चोक झालेला एअर फिल्टर आणि तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही आकडा पाडतात, पण ते या जोडगोळीतले नव्हेत.

माझ्या लिव्हरवर एका मित्राने तोडगा सुचवला: दांड्याचा नट दोन आटे आवळ. आवळला. बूस्ट १.१ झालं, आठवडाभर. झिजलेलं बुश नटाने भरत नाही. शेवटी टर्बो उतरवून नवं बुश बसवलं, दांडा मूळ मापावर आणला, आणि परतीच्या वाटेवर फ्रीवेला लॉग काढला. ४५०० ला १.१८. खडखड गेली होती, म्हणून सायलेन्सरचा पत्रा खरंच सैल आहे हे तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं.