घरबागेतील वन्यजीव निरीक्षण व छायाचित्रण (नाशिक)

घराभोवतालचे अंगण, परसबाग, गच्ची किंवा बाल्कनीतील कुंड्या यांत आपणहून येणाऱ्या मुक्त प्राण्यांचे नियमित निरीक्षण करणे, त्यांची छायाचित्रे घेणे आणि तारीख-वेळेसह नोंदी ठेवणे. पाळलेले वा पिंजऱ्यातले प्राणी आणि छायाचित्रासाठी पकडून आणून ठेवलेले कीटक, सरडे या व्याख्येत येत नाहीत. प्रस्तुत नोंद नाशिक शहर व लगतच्या वस्त्यांपुरती आहे.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मी. उंचीवर, सह्याद्रीचा ओला पश्चिम भाग आणि दख्खनचा कोरडा पूर्व भाग यांच्या सांध्यावर वसले आहे. शहरात वर्षाला साधारण ७०० मिमी. पाऊस पडतो, तर सुमारे ४५ किमी.वरच्या इगतपुरीत त्याच्या चौपटीहून अधिक. त्यामुळे झाडीतले आणि माळावरचे असे दोन्ही प्रकारचे पक्षी शहरातल्या बागांत दिसतात. गंगापूर रोडची नदीकडची बाजू आणि देवळाली कॅम्पमधले जुन्या झाडांचे बंगले हे सर्वांत समृद्ध भाग होत. सिडकोतील रो-हाउसच्या गच्चीवर जाती कमी येतात. पंचवटी व जुन्या नाशकातील वाड्यांच्या भिंतींतील पोकळ्या मात्र पिंगळ्याला मानवतात.

इतिहास : या भागात बाग राखण्याची परंपरा किती जुनी, याबद्दल एकमत नाही. पांडवलेण्यांपैकी (त्रिरश्मी) दहाव्या लेण्यातील उषवदाताच्या कोरीव लेखात त्याने आराम, तडाग व उदपाने म्हणजे बागा, तळी व विहिरी केल्याचा उल्लेख आहे आणि नानंगोल गावातील ३२,००० नारळाची झाडे दान दिल्याचे नमूद आहे. उषवदात हा पश्चिम भारतातील शक राजा क्षत्रप नहपान याचा जावई. त्याच्या लेखांतील ४१, ४२, ४५ ही वर्षे शक संवताची मानली, तर काळ इ.स. ११९ ते १२३ असा येतो, आणि जुन्या संदर्भग्रंथांत बहुधा हाच दिलेला असतो. दुसऱ्या मतानुसार ही नहपानाची राज्यवर्षे असून तो पहिल्या शतकाच्या मध्यास वा उत्तरार्धात होऊन गेला. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात येणारे मॅन्बनोस हे नाव त्याचेच धरले, तर हे मत अधिक जुळते आणि अलीकडे कल त्याकडेच आहे. सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या नहपानाच्या १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी बऱ्याच नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. त्यामुळे नहपानानंतर लवकरच सातवाहनांचा अंमल आला एवढे निश्चित होते, वर्ष मात्र ठरत नाही. दानलेखाने झाडे मोजली आहेत, पाखरे नाहीत. तेव्हा त्यावरून निरीक्षणाची परंपरा सिद्ध करणे ताणून धरल्यासारखे होईल. ‘गाथा सप्तशती’ या माहाराष्ट्री प्राकृतातील संग्रहात (इ.स.च्या पहिल्या ते सातव्या शतकांदरम्यान केव्हातरी सिद्ध झालेला) घराजवळचे कावळे, पोपट, मोर येतात. निरीक्षणाचा पुरावा म्हणून तो दानलेखापेक्षा जवळचा ठरतो. मोगल अंमलात शहराचे नाव गुलशनाबाद होते, ते इथल्या बागांवरून पडले असे मानतात.

पश्चिम भारतात घराभोवतालच्या प्राण्यांना लेखनाचा विषय करणाऱ्यांत एडवर्ड हॅमिल्टन एटकन (जन्म सातारा, १८५१) याचे नाव प्रथम घ्यावे लागते. मुंबई इलाख्याच्या जकात व मीठ खात्यातील हा अधिकारी ‘एहा’ या नावाने लिहीत असे. बंगल्यातील उंदीर, पाली, मुंग्या, कावळे यांवरचे त्याचे पुस्तक १८८३ मध्ये निघाले. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला स्थापन झालेल्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांत तो होता.

वन्यजीव छायाचित्रणाचा आरंभ इंग्लंडमधील रिचर्ड व चेरी कीअर्टन या बंधूंपासून धरण्याची प्रथा आहे. चेरी याने एप्रिल १८९२ मध्ये लंडनजवळ अंडी असलेल्या घरट्याचे छायाचित्र घेतले. रेजिनाल्ड लॉज याच्या १८९५ मधील अंडी उबवणाऱ्या टिटवीच्या छायाचित्राला अग्रमान देणारेही आहेत. खुद्द पक्षी टिपला जाणे ही कसोटी लावली, तर लॉजची बाजू वरचढ ठरते. अमेरिकेत जॉर्ज शिरास याने प्राण्याचा धक्का लागताच कॅमेरा उघडणारी तार आणि रात्रीचा प्रकाशझोत वापरला. त्याची छायाचित्रे जुलै १९०६ मध्ये मोठ्या संख्येने प्रसिद्ध झाली. हेच तंत्र एफ. डब्ल्यू. चँपियन याने १९२० च्या दशकात हिमालयाच्या पायथ्याशी वाघांसाठी वापरले. प्राणी समोर येताच आपोआप छायाचित्र घेणारा, आज बागेत लावला जाणारा ट्रॅप कॅमेरा याच तारेचा वंशज होय.

बागेतील प्राणी : लालबुड्या बुलबुल, साळुंकी, दयाळ, शिंपी, वटवट्या, नाचण, तांबट, भारद्वाज, सातभाई, खंड्या आणि शिक्रा हे वर्षभर दिसतात. जुन्या वड-पिंपळाची फळे पिकली की राखी धनेश येतो. ऑक्टोबर ते मार्च थिरथिरा व धोबी असतात. भोरड्यांचे थवे पावसाळ्याच्या अखेरीपासून दिसू लागतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर व पांगारा फुलला की त्या झाडांवर गर्दी करतात. मेअखेर वा जूनच्या आरंभी चातक येतो.

ओळखताना शिंजिरांबाबत हमखास गोंधळ होतो. जांभळ्या शिंजिराचा (सिनिरिस एशियाटिकस) नर विणीनंतर आपला चमकदार पिसारा टाकून मादीसारखा पिवळट होतो. हनुवटीपासून पोटापर्यंत एक काळा पट्टा तेवढा उरतो. अशी छायाचित्रे ‘वेगळी जात’ म्हणून नोंदली जातात. जांभळ्या पाठीच्या शिंजिरात हा बदल होत नाही.

फुलपाखरांसाठी मधाच्या फुलांपेक्षा अळीचे खाद्यझाड महत्त्वाचे. कढीपत्ता आणि लिंबू यांवर कॉमन मॉरमॉन व लाइम बटरफ्लाय, रुईवर प्लेन टायगर, पानफुटीवर रेड पिएरो, कण्हेरीवर कॉमन क्रो अंडी घालते. ब्लू मॉरमॉन (नीलवंत) हे २०१५ पासून महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू असून तेही लिंबूवर्गीय झाडांवर वाढते. गुलाबावर कीटकनाशक मारणाऱ्याने शेजारच्या कढीपत्त्यावर अळ्यांची वाट पाहू नये. सस्तन प्राण्यांत खार, मुंगूस, चिचुंद्री, उदमांजर आणि वटवाघळे येतात.

पाणी : नाशकात मार्च ते मेदरम्यान प्राण्यांना बागेकडे ओढणारी सर्वांत प्रभावी गोष्ट पाणी होय. दाण्यांचा उपयोग त्या मानाने कमी आणि उपद्रव जास्त. दाण्यांवर मुख्यतः पारवे जमतात, ते लहान पक्ष्यांना हुसकतात, आणि त्यांच्या सुकलेल्या विष्ठेची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांचा ॲलर्जीजन्य दाह होऊ शकतो. ४० ते ४५ सेंमी. व्यासाचे, आतून खरबरीत मातीचे परळ उत्तम. पाण्याची खोली कडेला २ आणि मध्ये ५ सेंमी.हून जास्त नको. खोल भांड्यात मध्यभागी दगड ठेवावा, नाहीतर शिंपी-वटवट्यासारखे पक्षी कडेवरच थांबतात आणि खारीचे पिलू बुडू शकते. पाणी रोज बदलावे आणि दोन-तीन दिवसांनी नारळाच्या काथ्याने घासावे, साबण वापरू नये. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंड्यापासून वाढ उन्हाळ्यात साधारण ७ ते १० दिवसांत पुरी होते, म्हणून आठवड्यातून एकदा भांडे पूर्ण कोरडे करणे अनिवार्य आहे.

स्थिर पाण्यापेक्षा ठिबकणाऱ्या पाण्याकडे पक्षी लवकर येतात. पाच लिटरच्या कॅनला सलाईनचा सेट जोडून तो परळाच्या वर दीड मी.वर टांगावा आणि चाक सेकंदाला एक थेंब पडेल असे बसवावे. वीस थेंबांचा एक मिलि. धरल्यास तासाला १८० मिलि., म्हणजे कॅन २७ ते २८ तास चालतो. जिल्ह्यात द्राक्षबागांमुळे ठिबकचे सुटे भाग सहज मिळतात आणि अनेकजण तोच ड्रिपर कॅनला लावतात, पण तो नीट चालत नाही. बहुतेक ड्रिपर सुमारे १ किग्रॅ. प्रति चौसेंमी. दाबासाठी बनवलेले असतात. दीड-दोन मी. उंचीवरच्या कॅनमधून त्याच्या पाचव्या हिश्शाइतकाच दाब मिळतो, आणि छिद्र क्षाराने बुजते.

परळ दाट झुडपाला चिकटून ठेवल्यास मांजराला दबा धरता येतो, फार उघड्यावर ठेवल्यास शिक्र्याच्या धास्तीने लहान पक्षी उतरत नाहीत. झुडपापासून सुमारे २ मी. अंतर हा मध्यम मार्ग. खिडकीची मोठी काच असेल, तर परळ तिच्यापासून १ मी.च्या आत किंवा १० मी.च्या पलीकडे असावे. मधल्या अंतरावरून उडालेला पक्षी काचेवर जोरात आदळतो. दुचाकीच्या आरशाशी भांडणाऱ्या बुलबुलासाठी किंवा धोब्यासाठी आरशावर कापडी पिशवी चढवली की पुरे.

लपण व कॅमेरा : बसण्यासाठी बोर किंवा बाभळीची, १ ते दीड सेंमी. जाडीची वाळलेली फांदी परळापासून एक हातावर रोवावी. पक्षी थेट पाण्यावर उतरत नाही, आधी तिथे बसतो, आणि चांगले छायाचित्र तिथेच मिळते. फांदीमागे ३ ते ४ मी. मोकळी जागा असल्यास पार्श्वभूमी एकसंध हिरवी येते. कंपाउंडची भिंत जवळ असेल, तर फांदीच पुढे आणावी. द्राक्षबाग व रोपवाटिकांत वापरले जाणारे ७५ टक्के सावलीचे हिरवे शेडनेट दुहेरी करून बांबूवर ताणले की लपण, म्हणजे पक्ष्यांना न दिसता बसण्याचा आडोसा, तयार होते. लेन्सच्या उंचीवर १५ सेंमी.चे छिद्र ठेवावे. मागची बाजूही झाकली नाही तर आतल्या माणसाची आकृती उजेडात दिसते आणि लपण निरुपयोगी होते. उभारल्यावर दोन-तीन दिवस ते रिकामे ठेवणे इष्ट.

३०० मिमी. लेन्सने ३ ते ४ मी.वरून बुलबुलाएवढा पक्षी चौकट भरून मिळतो. मोठ्या झूम लेन्सचे किमान फोकस अंतर बहुधा २ मी.हून अधिक असते. जागा अपुरी असल्यास कॅमेरा व लेन्स यांच्यामध्ये १२ किंवा २० मिमी.ची एक्स्टेन्शन ट्यूब (पोकळ नळी) घालावी, मात्र मग दूरचे फोकस होत नाही. पाणी पिणाऱ्या पक्ष्याला १/५०० सेकंदाचा शटरवेग पुरतो. शिंपी-नाचणासाठी १/१०००, अंघोळीतले थेंब गोठवण्यासाठी १/२००० लागतो. त्यासाठी आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) ३२०० पर्यंत न्यावा लागला तरी हलल्याने आलेल्या धूसरपणापेक्षा छायाचित्रात दिसणारे कण बरे. खिडकीतून टिपताना खोलीतले दिवे बंद करावेत आणि लेन्सहूड काचेला टेकवून काटकोनात धरावे.

मोबाइलही उपयोगी पडतो. जुना मोबाइल परळापासून ७० ते ८० सेंमी.वर लहान तिपाईवर ठेवून, परळाच्या कडेवर बोट दाबून धरून फोकस व प्रकाश कुलूपबंद करावा आणि ब्लूटूथ रिमोटने दुरून शटर दाबावे. मेमधल्या उन्हात तो तापून बंद पडतो, तेव्हा सकाळी साडेनऊपर्यंतच काम उरकावे.

ट्रॅप कॅमेरा : मुंगूस व उदमांजरासाठी तो ३० ते ४० सेंमी. उंचीवर, वाटेपासून अडीच-तीन मी.वर बांधावा. स्थिर फोकसमुळे दीड मी.च्या आतले धूसर येते आणि रात्री जवळचा प्राणी पांढराफटक पडतो. त्यासाठी इन्फ्रारेड दिव्यांवर कागदी सर्जिकल टेपचा एक थर लावतात. तोंड उत्तरेकडे असावे, पूर्व-पश्चिम रोखल्यास कलता सूर्य थेट लेन्समध्ये येतो. कॅमेरा वाटेशी ४५ अंशांत लावावा. संवेदक आडवी हालचाल चटकन ओळखतो, पण अगदी आडव्या वाटेवर शटर उघडेपर्यंत प्राणी चौकटीबाहेर गेलेला असतो. समोरून सरळ येणारा त्याला उशिरा कळतो. ८५० नॅनोमीटरचे दिवे अंधारात लाल ठिपक्यांसारखे दिसतात. ९४० चे जवळपास दिसत नाहीत, पण त्यांचा पल्ला कमी असतो.

हा संवेदक प्राण्याचे अंग आणि पार्श्वभूमी यांच्या तापमानातील फरक टिपतो. एप्रिल-मेमध्ये दिवसभर तापलेली भिंत रात्रीही ऊब धरून असते, फरक उरत नाही आणि प्राणी निसटतात. दिवसा उलट, ऊन खाल्लेली हलणारी पानेच शेकडो रिकामी छायाचित्रे भरतात. म्हणून समोरची एक मी. जागा वेलींपासून मोकळी करावी. १.२ व्होल्टच्या रिचार्जेबल सेलवर काही कॅमेरे रात्री दिवे पेटताच बंद पडतात, लिथियम सेल खात्रीचे. पावसाळ्यात आत सिलिका जेलची पुडी हवीच.

नाशिक, निफाड, दिंडोरी, सिन्नर पट्ट्यात उसात बिबट्यांचा वावर असल्याने गावाकडच्या बागेत तोही टिपला जाऊ शकतो. अशा वेळी वन विभागाला (हेल्पलाइन १९२६) कळवावे, रात्री कुत्रे आत घ्यावे, खरकटे बाहेर टाकू नये आणि कॅमेरा तपासायला फक्त दिवसा जावे. छायाचित्र लगेच सर्वत्र पाठवल्यास बघ्यांची गर्दी होते आणि वन कर्मचाऱ्यांचे काम अवघड होते.

साप : नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही प्रमुख विषारी जाती जिल्ह्यात आहेत. किमान ३ मी. अंतर राखून टेलीलेन्सनेच टिपावे. ओळखीसाठी संपूर्ण अंग, विशेषतः मान व शेपटाकडील भाग चौकटीत हवा. बिनविषारी कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक व शेपटाकडे विरत जाणारे, मण्यारीचे बहुधा जोडीने असून शेपटाकडे अधिक स्पष्ट असतात. नुसत्या डोक्याच्या छायाचित्रावरून कोणीही निर्वाळा देऊ नये. बेडूक पहिल्या पावसानंतर टॉर्चच्या उजेडात सापडतात. पतंगांसाठी पावसाळ्यातील अमावास्येच्या आसपास पांढऱ्या चादरीवर दिवा सोडतात, तो दोन तासांत मालवावा, एरवी पालींचीच चंगळ होते.

संकेत व कायदा : कीअर्टन बंधूंची कीर्ती घरट्यांच्या छायाचित्रांवर उभी राहिली, आज तोच प्रकार सर्वाधिक निषिद्ध मानला जातो. माणूस घरट्यापाशी वारंवार थांबला की कावळे व भारद्वाज त्याच्या मागावर घरटे शोधतात, आणि आड येणारी पाने छाटल्यास पिले उन्हात पडतात. रेकॉर्ड केलेली साद वाजवून पक्षी बोलावणेही टाळतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच अंडी व घरट्यांची हानी समाविष्ट आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली असून तिने कावळा, उंदीर इत्यादींची उपद्रवी प्राण्यांची अनुसूची काढून टाकली. स्वतःच्या बागेत छायाचित्र घेण्यास परवाना लागत नाही, पोपट पिंजऱ्यात ठेवणे मात्र गुन्हा आहे. संक्रांतीच्या सुमारास, विशेषतः पतंगोत्सवासाठी प्रसिद्ध असलेल्या येवल्यात आणि शहरातही, झाडांवर अडकलेला नायलॉन मांजा दिसताच काढावा. त्यात गुंतलेल्या पक्ष्याचा पंख ओढू नये, दोरा दोन्ही बाजूंनी कापून पक्षी अंधाऱ्या खोक्यात ठेवावा.

नोंदी : कॅमेऱ्याचे घड्याळ भारतीय प्रमाणवेळेवर आहे याची दरमहा खात्री करावी. ट्रॅप कॅमेऱ्याचे सेल काढल्यावर ते अनेकदा मूळ तारखेवर परत जाते. पक्ष्यांसाठी ई-बर्ड, इतर सर्वांसाठी आय-नॅचरलिस्ट व इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल ही नोंदींची संकेतस्थळे वापरात आहेत. फेब्रुवारीत चार दिवस होणारी ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही गणना १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झाली, भारतीय निरीक्षक तिच्यात २०१३ पासून भाग घेतात. किमान १५ मिनिटे निरीक्षण करून दिसलेल्या सर्व जाती व त्यांची संख्या लिहिणे एवढीच तिची अट आहे. घुबडे, उदमांजर यांच्या नोंदीत नेमके स्थान न देता फक्त शहराचे नाव द्यावे.