इंजिनवर पाणी चुर्र वाजलं म्हणजे गाडी ओव्हरहीट झाली?

फॉरवर्ड फिरतोय बघा, बाईकच्या इंजिनवर पाण्याचा थेंब टाकायचा आणि चुर्र झालं की गाडी ओव्हरहीट. पटण्यासारखंच आहे, पण पाणी उकळतंय शंभर अंशाच्या आसपास आणि एअरकूल्ड (वाऱ्यानं थंड होणाऱ्या) इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, बेळगाव ते खानापूर नीट चालवलं तरी त्याच्या वर जातंय, म्हणजे चांगल्या गाडीवरपण चुर्र होणारच की.

खरं ओव्हरहीट चालवताना कळतंय. चोर्ला घाटात पिकअप पडतो, चढाला टकटक आवाज येतो, जळक्या ऑइलचा वास मारतो. असं झालं तर बाजूला घेऊन बंद करा आणि आपोआप थंड होऊ द्या, गार पाणी ओतू नका, तापलेलं मेटल एकदम आकसून तडा जाऊ शकतो.

मग गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावून थोड्या वेळानं ऑइल लेव्हल बघा. न्यूट्रलला मागचं चाक हातानं फिरवा, जड फिरलं तर ब्रेक घासतोय, बिचारं इंजिन उगाच ओढतंय (हे बरेच मेकॅनिकपण बघत नाहीत). पावसाळ्यानंतर फिन्समधली (इंजिनवरच्या पात्यांमधली) लाल माती काढा, हवा तिथूनच लागते. आणि सिग्नलला उभं असताना गाडी जास्त तापते ते नॉर्मल आहे, वारा नसतो ना.