राजा एकच, पण संसदेतला की कौन्सिलमधला?

ब्रिटनमध्ये ‘राजाने अमुक केलं’ असं वाचलं की आधी विचारायचं, कुणाच्या साथीने? संसदेच्या की प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाच्या? दोन्हीकडे नाव राजाचं असतं आणि दोन्हीकडे तो आपल्या मनाने काही ठरवत नाही, म्हणून घोटाळा होतो. पण एकीकडून निघालेला कायदा तिथलं कोर्ट रद्द करू शकत नाही, तर दुसरीकडून निघालेला आदेश रद्द करू शकतं.

‘किंग-इन-पार्लमेंट’ म्हणजे राजा, हाउस ऑफ लॉर्ड्स आणि हाउस ऑफ कॉमन्स हे तिघे मिळून. कायद्याच्या सुरुवातीलाच म्हटलेलं असतं की लॉर्ड्स आणि कॉमन्सच्या सल्ल्याने व संमतीने राजा हा कायदा करत आहे. भाषा अशी की राजा मालक आणि बाकीचे सल्लागार! वस्तुस्थिती उलटी आहे. १७०८ साली राणी ॲनने स्कॉटलंडच्या मिलिशियाचं (नागरिकांच्या सैन्याचं) विधेयक अडवलं, तेही मंत्र्यांच्या सल्ल्यावरून. त्यानंतर कुणीच संमती नाकारलेली नाही. आपल्या घटनेचं कलम ७९ राष्ट्रपतींना संसदेचाच भाग मानतं, ते याच साच्यातलं. साम्य मात्र तिथेच संपतं. आपलं सर्वोच्च न्यायालय संसदेचा कायदा घटनाबाह्य ठरवू शकतं. तिथलं न्यायालय १९९८च्या मानवी हक्क कायद्याखाली फार तर ‘हा कायदा हक्कांशी विसंगत आहे’ असं जाहीर करतं, आणि संसदेने बदलेपर्यंत तो कायदा लागूच राहतो.

‘किंग-इन-कौन्सिल’, म्हणजे प्रिव्ही कौन्सिलच्या साथीने आदेश काढणारा राजा, याचा थाट वेगळा. प्रिव्ही कौन्सिल म्हटलं की मराठी वाचकाला ताई महाराज प्रकरण आठवेल. १९१५ साली टिळकांच्या बाजूने निकाल दिला तो याच कौन्सिलच्या न्यायिक समितीने. आदेश काढणारी बैठक ती नव्हे, ती वेगळी. या बैठकीत मोजके मंत्री जमतात, सगळे उभेच असतात, कौन्सिलचे प्रमुख असलेले लॉर्ड प्रेसिडेंट आदेशांची यादी वाचतात आणि राजा ‘मंजूर’ म्हणतो. चर्चा नाही, मतदान नाही. यातले बरेचसे आदेश संसदेनेच एखाद्या कायद्यात दिलेल्या अधिकाराखाली निघतात, त्यांचं फारसं कौतुक नको. खरी गोम उरलेल्यांत आहे, म्हणजे राजाच्या जुन्या, संसदेने न दिलेल्या विशेषाधिकाराच्या बळावर मंत्री जे आदेश काढून घेतात त्यांत.

या विशेषाधिकाराला कुंपण घातलं १६१० साली. लंडनमध्ये नवी बांधकामं करू नका, गव्हापासून खळ बनवू नका, असे जाहीरनामे पहिल्या जेम्सच्या राज्यात निघत होते. सरन्यायाधीश एडवर्ड कोक यांनी मत दिलं की संसदेशिवाय राजा नवा गुन्हा निर्माण करू शकत नाही, आणि कायदा देईल तेवढाच विशेषाधिकार राजाला असतो. तरी ही वाट पुरती बंद झाली नाही. हिंदी महासागरातल्या आपल्या बेटांवरून ब्रिटनने हुसकावलेल्या चागोसवासीयांना परतायला २००४मध्ये मनाई झाली ती कौन्सिलच्या आदेशानेच. २००८मध्ये लॉर्ड्समधल्या न्यायाधीशांनी (तेव्हा सर्वोच्च कोर्ट तेच होतं) ती तीन विरुद्ध दोन मतांनी उचलून धरली. पण अशा आदेशाची तपासणी आम्ही करू शकतो, हेही बजावलं.

दोन्ही राजे एकाच प्रसंगात पाहायचे तर २०१९ साल बघा. तेव्हा गादीवर राणी होती, एवढाच फरक. २८ ऑगस्टला बाल्मोरल इथे कौन्सिलच्या आदेशाने संसद स्थगित करायचं ठरलं. ९ सप्टेंबरच्या रात्री लॉर्ड्समध्ये स्थगितीचा सोहळा झाला आणि त्याच सोहळ्यात संसद भवनाच्या दुरुस्तीच्या विधेयकाला राणीची संमतीही जाहीर झाली. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने स्थगिती मुळातूनच बेकायदा ठरवली, तेव्हा तो सोहळाही झालाच नाही असं धरावं लागलं. विधेयकाची संमतीही त्याच्याबरोबर गेली आणि ८ ऑक्टोबरला ती नव्याने जाहीर करावी लागली.