सिस्टिक फायब्रोसिसमधील गर्भारपण

सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक विकार असलेल्या स्त्रीची गर्भधारणा, प्रसूती व स्तनपान यांचा विचार या नोंदीत केला आहे. सातव्या गुणसूत्रावरील सीएफटीआर जनुकात (शोध १९८९) दोष असल्याने पेशींतून होणारे क्लोराइड व बायकार्बोनेटचे वहन बिघडते आणि फुप्फुस, स्वादुपिंड इ. अवयवांतील स्राव घट्ट होतात. अमेरिकी वैद्य डोरोथी अँडरसन यांनी १९३८ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले, त्या काळी बहुतेक रुग्ण बालपणीच दगावत. त्यामुळे मातृत्वाचा प्रश्न पुढे येण्यास आणखी दोन दशके लागली.

वैद्यकीय वाङ्मयातील पहिला वृत्तान्त सामान्यतः १९६० चा मानतात. ती माता प्रसूतीनंतर काही आठवड्यांतच मरण पावली. पुढे बराच काळ अशा स्त्रियांना मूल होऊ न देण्याचा सल्ला दिला जाई, त्यामागे या एका घटनेची छाया होती असे दिसते. कोहेन, दि सांताग्नेसे व फ्रीडलँडर यांच्या अमेरिकेतील पाहणीत (१९८०) १०० स्त्रियांच्या १२९ गर्भारपणांची नोंद आहे. गॉस व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ६८० गर्भवतींची तुलना तशाच प्रकृतीच्या, पण गर्भवती न झालेल्या रुग्ण स्त्रियांशी केली, तेव्हा गर्भारपणाने आयुष्य घटल्याचे आढळले नाही. मुळात बऱ्या प्रकृतीच्या स्त्रियाच गर्भधारणेस धजतात, हा आक्षेप रास्त आहे. परंतु या अभ्यासात प्रकृतिभेदाचा हिशेब घेतलेला असल्याने त्याचा निष्कर्ष अधिक ग्राह्य वाटतो. फुप्फुसीय रक्तदाब वाढलेला असल्यास मात्र धोका गंभीर असतो, याविषयी दुमत नाही.

वंध्यत्वाचा प्रश्न : विकारग्रस्त पुरुषांत रेतवाहिन्या बहुधा जन्मतःच नसतात, त्यामुळे त्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक नैसर्गिक रीत्या पिता होऊ शकत नाहीत. स्त्रियांची जननेंद्रिये रचनेने प्राकृत असतात. तरीही गर्भधारणेस विलंब का होतो, याविषयी मतभेद आहेत. जुन्या मतानुसार दोष गर्भाशयग्रीवेतील (गर्भाशयाच्या मुखातील) श्लेष्म्याचा, म्हणजे चिकट स्रावाचा. ऋतुचक्राच्या मध्यास तो एरवी पातळ होतो. कोपिटो व सहकाऱ्यांच्या १९७३ मधील मोजमापांत रुग्ण स्त्रियांच्या श्लेष्म्यातील पाण्याचे प्रमाण तसे वाढलेले दिसले नाही. नंतरच्या संशोधकांनी बायकार्बोनेटच्या अभावावर भर दिला, कारण शुक्रजंतू फलनक्षम होण्यास ते आवश्यक असते. कुपोषणाने बीजोत्सर्ग अनियमित होतो, हे तिसरे कारण. ही मते परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. एलेक्झाकाफ्टर, टेझाकाफ्टर व आयव्हाकाफ्टर या क्लोराइडचे वहन सुधारणाऱ्या तीन औषधांच्या संयोगास अमेरिकेत ऑक्टोबर २०१९ मध्ये मान्यता मिळाल्यावर तेथील रुग्णनोंदवहीतील गर्भारपणांची संख्या वर्षभरात जवळजवळ दुप्पट झाली. वर्षानुवर्षे दिवस न राहिलेल्या काही स्त्रियांनाही या काळात अनपेक्षितपणे दिवस गेले. श्लेष्मा पातळ झाल्याचा हा परिणाम असावा, पण सुधारलेली प्रकृती आणि त्यामुळे आलेला धीर यांचा वाटाही लहान नसावा.

गर्भारपणात श्वसनाचे व हृदयाचे काम वाढते, तर वाढत्या गर्भाशयाने छाती व पोट यांमधील पटल वर ढकलले जाते. कफ काढण्याचे रोजचे व्यायाम या काळात सोडून चालत नाहीत. वजन, रक्तशर्करा व जंतुसंसर्ग यांवर सतत लक्ष ठेवावे लागते. या रुग्णांना जीवनसत्त्व अ पूरक म्हणून द्यावे लागते. त्याची अतिरिक्त मात्रा गर्भास अपायकारक असल्याने ती तपासून घेतात. अ‍ॅमिनोग्लायकोसाइड प्रतिजैविके गर्भाच्या श्रवणेंद्रियास बाधू शकतात.

स्तन्याचा वाद : या रुग्णांच्या घामात मीठ जास्त असते, तर दुधातही ते जास्त असणार, हा तर्क सहज सुचणारा आहे. व्हाइटलॉ व बटरफील्ड यांनी १९७७ मध्ये रुग्ण मातेच्या दुधात सोडियमचे प्रमाण फार आढळल्याचे कळवले आणि स्तनपान धोक्याचे ठरले. आल्पर्ट व कॉर्मियर यांनी १९८३ मध्ये नियमित पाजणाऱ्या मातांचे दूध तपासले, तेव्हा त्यातील लवणे व प्रथिने प्राकृत निघाली. दूध आटू लागले की स्तनपेशींमधील सांधे सैल होऊन रक्तातील सोडियम दुधात उतरते. हे कोणत्याही मातेच्या बाबतीत घडते. आधीचा आकडा विकाराचा नसून आटत्या दुधाचा होता, हे स्पष्टीकरण पुढे मान्य झाले. एका मोजमापाने किती माता बाळाला पाजण्यास मुकल्या असतील, याची गणती कोठेच नाही. आज मातेचे पोषण सांभाळून स्तनपानास उत्तेजन देतात.

अपत्य सदोष जनुकाचे किमान वाहक (एक सदोष प्रत असलेले, पण विकार नसलेले) असतेच. पिताही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास विकार होण्याची शक्यता निम्मी असते, म्हणून पित्याची जनुकतपासणी आधी करतात. यूरोपीय वंशाच्या लोकांत वाहकांचे प्रमाण सु. २५ त १ आहे.

भारतात हा विकार नाहीच, अशी समजूत दीर्घकाळ होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून रुग्णांचे वृत्तान्त प्रसिद्ध होऊ लागले. एफ ५०८ डेल हे सीएफटीआर जनुकातील उत्परिवर्तन (बदल) येथील रुग्णांत यूरोपपेक्षा कमी आढळते. वरील औषधे मुख्यतः त्याच उत्परिवर्तनावर बेतलेली आहेत आणि अतिशय महागही आहेत. प्रौढवयापर्यंत पोहोचणाऱ्या मुली थोड्या असल्याने भारतीय मातांविषयीचे वृत्तान्त तुरळक आहेत.

ही नवी औषधे वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचतात व दुधातही उतरतात. ती थांबवल्यास काही मातांची प्रकृती झपाट्याने ढासळल्याचे दिसल्याने बहुधा चालूच ठेवली जातात. अशा मातांच्या काही अर्भकांत नेत्रभिंगावर अपारदर्शक ठिपके आढळले आहेत, म्हणून डोळे तपासण्याची शिफारस केली जाते. शिवाय औषधाच्या प्रभावामुळे विकारग्रस्त अर्भकाचीही नवजात चाचणी निर्दोष येऊ शकते; त्यामुळे शंका असल्यास थेट जनुकतपासणी करतात.