डिजिटल पियानोवर शिकलं की हात बिघडतो?

‘डिजिटलवर हात बिघडतो, त्यापेक्षा जुना अपराइट बघा,’ म्हणजे उभा, तारांचा पियानो, असा सल्ला मुलांना पियानो शिकवू पाहणाऱ्या कोल्हापुरातल्या पालकांना आजही मिळतो. हलक्या, स्प्रिंगच्या कीबोर्डपुरता तो ठीक. पण 88 पट्ट्यांच्या, हातोडीची यंत्रणा असलेल्या डिजिटल पियानोवर बोटांना खरंच जोर लावावा लागतो.

खरी गोम जुन्या अपराइटमध्ये आहे. आत 200 हून अधिक तारा, त्यांचा एकत्रित ताण 15 ते 20 टन, आणि तारा ताणून धरणाऱ्या खुंट्या लाकडात ठोकलेल्या. आपल्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, सूर हलतो. वर्षातून दोनदा ट्यूनिंग धराच. खुंट्या ढिल्या असतील तर तेही टिकत नाही. असा पियानो फुकट मिळाला तरी महागच. पेटी दुरुस्त करणारा गावात सहज भेटतो, पियानोचा ट्यूनर शोधावा लागतो.

ग्रँडचा, म्हणजे आडव्या मोठ्या पियानोचा, मोठेपणा मात्र खरा. तारेवर आदळलेली हातोडी स्वतःच्या वजनाने खाली येते आणि पट्टी पूर्ण वर येण्याआधीच सूर पुन्हा वाजवता येतो. सूर असा लगेच पुन्हा वाजवण्याची युक्ती 1821 मधली, फ्रेंच पियानो बनवणाऱ्या एरारची. पहिल्या काही वर्षांत तिची गरज भासत नाही. राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये हेडफोन जास्त उपयोगी, शेजाऱ्यांनाही. अपराइटच हवा असेल, तर पैसे देण्याआधी ट्यूनरकडून खुंट्या तपासून घ्या.