बाटली कधीची, उकिरडा कधीचा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या परसात पाण्याच्या टाकीसाठी खड्डा खणताना कमरेइतक्या खोलीवर राख, खापऱ्या आणि काचांचा थर लागला. घरचा केर पूर्वी तिथेच पुरत असणार. त्यातून एक बाटली अख्खी निघाली. बादलीत बुडवून धुतली तर हिरवट जाड काच, चिमटलेली मान आणि त्या मानेत खुळखुळणारी गोटी. गोटी सोड्याची बाटली! गोटीसाठी पोरं या बाटल्या फोडून टाकत, त्यामुळे अख्खी मिळणं भाग्याचंच. आई म्हणाली, "सयाजीराव महाराजांच्या वेळची असेल बघ."

हायरम कॉड या इंग्रजाने 1872 साली या बाटलीचं पेटंट घेतलं. सोडा भरताना ती उलटी धरायची. सुलटी केली की आतल्या वायूच्या दाबाने गोटी तोंडाजवळच्या रबरी कड्याला घट्ट बसते. पुढे 1892 मध्ये विल्यम पेंटर यांचं पत्र्याचं क्राउन झाकण आलं आणि इंग्लंडमध्ये गोटी हळूहळू मागे पडली. त्यामुळे तिथल्या उकिरड्यात ही बाटली काळाच्या दोन्ही कडा दाखवते. आपल्याकडे मात्र गोटी सोडा टपरीवरून हललाच नाही. बडोद्याच्या मातीत ती फक्त "1872 च्या आधी नाही" एवढंच सांगते.

त्याच थरात औषधाची एक छोटी बाटली होती. तिच्या कुशीवरून नख वर नेलं, तर साच्याची बारीक रेघ थेट ओठावरून पलीकडे गेली. तोंड हाताने घडवलेल्या बाटलीत ही रेघ मानेतच विरते. अमेरिकेत मायकेल ओवेन्स यांचं स्वयंचलित यंत्र 1903 च्या सुमारास चालू झालं, तेव्हापासून रेघ ओठापर्यंत जाऊ लागली.

नाव कोरलेलं असेल तर शोध आणखी नेमका होतो. पण अंगावरचं नाव बहुधा माल विकणाऱ्याचं असतं आणि काच ओतणाऱ्याची खूण बुडाशी असते, हा फरक ध्यानात ठेवावा लागतो. गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांची अलेंबिक ही औषधांची कंपनी इथे 1907 मध्ये निघाली. तिचं नाव असलेली बाटली त्याआधीची असूच शकत नाही.

खरी अडचण आपल्या काटकसरीची आहे. आपल्या घरांत बाटली रिकामी झाली म्हणून कोणी फेकत नसे. तिच्यात रॉकेल येई, तेल येई, नाहीतर ती भंगारवाल्याकडून पुन्हा बाजारात जाई. माझ्या बाटलीच्या बुडाची कड घासून पांढुरकी झाली होती, इतकी वर्षं ती फरशीवर आणि लाकडी खोक्यांत सरकत राहिली असणार. म्हणून थराचं वय ठरवताना त्यातली सर्वांत नवी वस्तू शोधायची. जुन्या वस्तू कितीही असोत, थर त्या नव्या वस्तूच्या आधी साचलेला नसतो.

बाटली होती तिच्या खालच्या राखेत तांबूस चकती मिळाली. चिंचेने घासली तेव्हा अक्षरं उमटली: नया पैसा. हे नाणं 1957 साली सुरू झालं. मी ते आईच्या तळहातावर ठेवलं.

"म्हणजे मी लग्न होऊन इथे आले त्यानंतर टाकलीय कोणीतरी," ती म्हणाली आणि बाटली हातात घेऊन गोटी वाजवून पाहू लागली.