चौकट तीच, कुलूप वेगळं

रविवारी इंदूरला रामबागेत काकांकडे गेलो, तर पोहे बशीत तसेच, जीरावनाची डबी उघडी आणि काका लॅपटॉपशी भांडत बसलेले. "अरे, आत्ता हाच पासवर्ड चालला होता, आता नाही म्हणतोय!"

लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबुंटू होतं, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार. प्रिंटरचं सॉफ्टवेअर टाकताना एक चौकट आली, वर लिहिलेलं 'ऑथेंटिकेशन रिक्वायर्ड', म्हणजे ओळख पटवा. मग क्रोम उघडलं, पुन्हा चौकट, पुन्हा वर तेच शब्द. काकांनी दोन्हीकडे एकच पासवर्ड घातला, यात त्यांचं काय चुकलं?

पहिली चौकट पोलकिटची, म्हणजे उबुंटूतल्या परवानग्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामची. तो दारावरचा पहारेकरी: तुम्ही कोण आणि हे काम करायची तुम्हाला मुभा आहे का, एवढंच विचारतो. ओळख पटली की झालं. सोय असेल तर बोट टेकवूनही भागतं. दुसरी चौकट कीरिंगची, म्हणजे तिजोरीची. क्रोमसारखे प्रोग्राम आपली गुपितं तिच्यात ठेवतात आणि ती फाइल एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी असते. इथे पासवर्ड ओळखीसाठी लागत नाही, किल्ली त्याच्यापासूनच बनते. म्हणूनच नुसत्या बोटाने तिजोरी उघडत नाही.

एरवी ही तिजोरी जाणवत नाही, कारण लॉगिनला टाइप केलेल्या पासवर्डनेच ती गुपचूप उघडते. ऑटोमॅटिक लॉगिन लावलं की पासवर्ड टाइपच होत नाही, मग क्रोम उघडताना अडतं. काकांकडचं कारण निराळं, आणि ते मीच करून ठेवलेलं. गेल्या महिन्यात ते पासवर्ड विसरले, तेव्हा मी रिकव्हरी मोडमधून, म्हणजे जुना न विचारणाऱ्या दुरुस्तीच्या वाटेने, नवा घातला. खात्याचा बदलला, तिजोरीचा जुनाच राहिला. सेटिंग्जमधून जुना देऊन बदलला असता तर दोन्ही बदलले असते. चौकटीत बारीक अक्षरांत इंग्रजीत तसं लिहिलेलंही होतं, की लॉगिनचा पासवर्ड आता कीरिंगशी जुळत नाही. पण ते वाचतो कोण!

ओळखायची खूण एकच: पोलकिटच्या चौकटीत तुमचं नाव दिसतं, कीरिंगच्या चौकटीत नाही.

टर्मिनलमधला, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतला, सुडो तर त्याहून विचित्र. आज्ञेआधी 'सुडो' लिहिलं की ती प्रशासकाच्या अधिकाराने चालते. तो मागतो पोलकिटचाच, म्हणजे खात्याचाच पासवर्ड, पण काकांच्या उबुंटूत टाइप करताना ठिपकासुद्धा उमटत नाही. काकांना वाटलं होतं कीबोर्ड गेला. (लिनक्स मिंट या उबुंटूच्या भावंडात निदान चांदण्या दिसतात.) एकाच पासवर्डचे दोन अवतार आणि दोन वेगळ्या पासवर्डांना एकच मुखवटा, हे उलटं कोणाला सुचलं कोण जाणे.

जुना पासवर्ड काकूंनी दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेला निघाला. 'पासवर्ड्स अँड कीज' हा प्रोग्राम उघडून लॉगिन कीरिंगवर राइट क्लिक केलं, जुना घातला, नवा दिला. तो सापडला नसता तर कीरिंग पुसावी लागली असती आणि क्रोममधले साठवलेले पासवर्डही गेले असते.

"तिजोरी आहे तर तिजोरी म्हणायचं ना," काका म्हणाले आणि गार झालेल्या पोह्यांकडे वळले.